'हम दोनो' ते 'कोंकण डान्स' : गोव्याच्या गिटारवादकाने लंडनमध्ये केलेल्या रेकॉर्ड्सची गोष्ट

१९७२ साली लंडनमध्ये एक रेकॉर्ड तयार झाली. तिचं नाव होतं 'कोंकण डान्स'. गिटारवर मूळ गोव्याचे, मुंबईत जन्मलेले अमान्सिओ डिसिल्वा. तबल्यावर केशव साठे. सतारीवर क्लेम आल्फर्ड नावाचे ब्रिटिश वादक आणि सॅक्सोफोनवर इंग्लंडचे नावाजलेले डॉन रेंडेल.

वाजवून झालं, टेप तयार झाली, आणि ती कपाटात गेली. ती लोकांच्या हातात पडली थेट २००६ साली. मधे चौतीस वर्षं गेली होती. डिसिल्वांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

आज यूट्यूबवर किंवा एखाद्या म्युझिक ॲपवर नाव टाकलं की हे संगीत ऐकायला मिळतं. खाली जगभरातल्या लोकांच्या कमेंट असतात, "इतके दिवस हे कुठे होतं?" प्रश्न बरोबर आहे. कोण होते हे डिसिल्वा, त्यांनी कोणाकोणाबरोबर वाजवलं, कोणत्या रेकॉर्ड्स केल्या आणि त्या ऐकायला सुरुवात कुठून करायची, हे आता क्रमाने पाहू.

मुंबईत जन्म, मूळ गोव्याचं

अमान्सिओ डिसिल्वांचा जन्म १९३६ साली मुंबईत झाला. घर गोवेकर ख्रिश्चन. त्या काळात गोव्याचा वादक ही मुंबईच्या संगीतातली अगदी ओळखीची गोष्ट होती.

त्याचं कारण पोर्तुगीज काळात आहे. गोव्यातल्या चर्चला जोडून संगीत शिकवणाऱ्या शाळा असायच्या. तिथे मुलांना स्वरलेखन वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवलं जायचं. गावात नोकऱ्या कमी, त्यामुळे ही मुलं मोठी झाली की मुंबई गाठायची. कागदावरचं संगीत बघून लगेच वाजवता येणारे वादक मुंबईला हवेच होते. हॉटेलांना हवे होते, नाचाच्या बँडला हवे होते आणि पुढे हिंदी सिनेमालाही.

हिंदी सिनेमाचं जुनं संगीत ऐकताना आपण अशाच माणसांचं काम ऐकत असतो. शंकर-जयकिशन यांच्याकडे अरेंजर म्हणून सेबॅस्टियन डिसोझा होते. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस होते. 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात जे नाव येतं, ते याच गुरूंच्या आठवणीतून आलेलं. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, सॅक्सोफोनवाले ब्राझ गोन्साल्विस हीसुद्धा याच परंपरेतली नावं.

दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग आणि रात्री हॉटेलात जॅझ, असं यातल्या अनेकांचं आयुष्य होतं. जॅझ मुंबईत आला होता तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांबरोबर. १९३० च्या दशकात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होते. गोव्याच्या वादकांनी ते ऐकलं, उचललं आणि आपलं केलं.

तरुण डिसिल्वा याच जगात वाढले. त्यांनी वाद्य निवडलं गिटार. मुंबईत आणि उत्तरेकडच्या शहरांत बँडमधून ते वाजवू लागले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्यांचं वादन ऐकून त्यांना गिब्सन कंपनीची गिटार घेऊन दिली, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. पुढे त्यांच्या दोन रचनांची नावं 'महाराणी' आणि 'जयपूर' अशी आली.

जॉईस नावाच्या आयरिश तरुणीशी त्यांचं लग्न झालं. १९६७ साली हे कुटुंब लंडनला गेलं. त्यांच्या महत्त्वाच्या रेकॉर्ड्स तिथल्याच.

आधी थोडं ब्लूजबद्दल

डिसिल्वा जॅझ गिटारवादक म्हणून ओळखले जातात. पण जॅझचं मूळ ज्या मातीत आहे ती माती ब्लूजची. त्यामुळे पुढचं समजायला ब्लूज म्हणजे काय हे दोन मिनिटांत पाहून घेऊ.

अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात कृष्णवर्णीय शेतमजुरांमध्ये ब्लूज रुजला. रचना साधी. बारा मात्रागटांचं एक आवर्तन आणि त्यात तीन मुख्य कॉर्ड. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर. आपल्या भाषेत सांगायचं तर एक कॉर्ड सा वर उभी, दुसरी म वर आणि तिसरी प वर. गाणारा एक ओळ म्हणतो, गिटार त्याला उत्तर देते.

या गाण्यात काही स्वर मुद्दाम थोडे उतरवून लावतात. गंधार, पंचम आणि निषाद. त्यांना 'ब्लू नोट' म्हणतात. बी. बी. किंग यांच्यासारखे गिटारवादक बोटाने तार ताणून स्वर वर चढवतात, तेव्हा गिटार माणसासारखी कण्हते असं वाटतं.

आपल्या कानाला हे परकं वाटत नाही, कारण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं आपल्याकडे रोजचं आहे. त्याला आपण मींड म्हणतो. कोमल गंधाराची जागा रागाप्रमाणे किंचित वरखाली होते हेही आपण ऐकलेलं असतं.

म्हणजे ब्लूज आणि राग यांना जोडणारी पहिली वाट गिटारच्या तारेवरच आहे. डिसिल्वांकडे ही दोन्ही घरं होती.

मग अडचण कुठे होती?

अडचण होती खालच्या जमिनीची.

हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवला, म्हणजे जिथे संत नामदेवांचा जन्म झाला असं मानतात त्या गावात, किंवा कुठल्याही गावात वारकरी भजनाला बसलेल्या माणसाला ही गोष्ट पटकन कळेल. वीणेकरी वीणा गळ्यात घालून एकच सूर धरून असतो. टाळ, मृदंग, चाल, गायक सगळं बदलतं. पण खालचा सा हलत नाही. शास्त्रीय मैफलीत हेच काम तंबोरा करतो. रागाचा प्रत्येक स्वर या न हलणाऱ्या सा च्या नात्याने अर्थ घेतो.

जॅझमध्ये उलट आहे. तिथे कॉर्ड सतत बदलतात, म्हणजे खालची जमीनच सरकत राहते. दर दोन-चार मात्रांनी नवी जमीन. १९४० च्या दशकातल्या बीबॉप शैलीत तर हा बदल फारच वेगाने होतो. आता या सरकत्या जमिनीवर राग उभा कसा करायचा? कॉर्ड बदलली की रागाचा स्वर तोच राहतो, पण त्याचा भाव बदलतो. राग हातातून सुटतो.

१९५९ साली माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' ही रेकॉर्ड आली आणि एक रस्ता मोकळा झाला. त्यात कॉर्ड कमी केल्या होत्या. एकाच स्वरमालेवर बराच वेळ थांबून वाजवायचं, याला 'मोडल जॅझ' म्हणतात. जमीन थांबली. १९६१ साली जॉन कोल्ट्रेन यांनी 'इंडिया' नावाची रचना वाजवली. १९६२ साली पंडित रविशंकर आणि अमेरिकन वादक बड शँक एका रेकॉर्डवर एकत्र आले.

म्हणजे डिसिल्वा लंडनला पोचले तेव्हा पूर्व-पश्चिम संगम ही नवी कल्पना राहिली नव्हती. प्रश्न होता तो संगम करायचा कसा.

लंडनमधला पहिला प्रयोग : जॉन मेयर आणि जो हॅरियट

लंडनमध्ये या कामामागे एक महत्त्वाचा माणूस होता, डेनिस प्रेस्टन. हे स्वतंत्र निर्माते. लंडनच्या हॉलंड पार्क भागातला लॅन्सडाऊन स्टुडिओ त्यांचा. ते आपल्या हिंमतीवर रेकॉर्ड तयार करायचे आणि ईएमआयसारख्या मोठ्या कंपनीला द्यायचे. त्यामुळे मोठ्या कंपनीने कधी हातही लावला नसता असं संगीत त्यांच्यामुळे बाजारात आलं.

प्रेस्टन यांनी कलकत्त्याचे व्हायोलिनवादक आणि संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांना एकत्र आणलं. १९६६ साली 'इंडो-जॅझ स्वीट' आली. पाठोपाठ 'इंडो-जॅझ फ्यूजन्स' नावाने आणखी रेकॉर्ड्स आल्या. आज आपण ज्याला सहज 'फ्यूजन' म्हणतो, त्या शब्दाच्या प्रसारात या नावाचा वाटा आहे.

यात पाच वादक जॅझचे आणि पाच भारतीय पद्धतीचे, असा दुहेरी संच होता. 'इंडो-जॅझ स्वीट'मधली भारतीय बाजू बघा. सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर आणि तबल्यावर केशव साठे. पैंगणकर आणि साठे ही आपली नावं १९६६ च्या ब्रिटिश जॅझ रेकॉर्डवर छापलेली आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. त्याच वर्षी बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या अल्बममध्ये तबला वाजवणारे अनिल भागवत होते, आणि त्यांचंही नाव कव्हरवर छापलं गेलं.

'इंडो-जॅझ'मध्ये दोन संगीतं समोरासमोर बसली होती. एकीकडे तबला-सतार, दुसरीकडे पियानो-ट्रम्पेट. मेयर यांनी लिहिलेल्या रचनेत दोन्ही बाजू आपापल्या वेळी बोलायच्या. डिसिल्वांनी वेगळीच वाट धरली.

'इंटिग्रेशन' (१९६९)

डिसिल्वांच्या नावाची पहिली रेकॉर्ड म्हणजे 'इंटिग्रेशन'. साल १९६९, ईएमआयचं कोलंबिया लेबल, निर्माते डेनिस प्रेस्टन.

साथीदार कोण? त्या काळी ब्रिटनमधला एक आघाडीचा जॅझ संच होता, रेंडेल-कार क्विंटेट. त्यातले सॅक्सोफोनवादक डॉन रेंडेल, ट्रम्पेटवादक इयान कार, बासवर डेव्ह ग्रीन आणि ड्रम्सवर ट्रेव्हर टॉम्किन्स. हे चौघे डिसिल्वांबरोबर बसले. संचातला पाचवा माणूस, म्हणजे पियानोवादक, मात्र इथे नव्हता. पियानोची जागा गिटारने घेतली.

ही गोष्ट छोटी वाटते, पण महत्त्वाची आहे. पियानो असला की तो सतत कॉर्ड देत राहतो आणि जमीन पक्की बांधून टाकतो. पियानोच्या पट्टीवर मींडही निघत नाही. तो काढून टाकल्यावर जागा मोकळी झाली. डिसिल्वा हवं तिथे कॉर्ड द्यायचे, हवं तिथे एकाच सुरावर थांबायचे.

आणि आता सर्वात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. या रेकॉर्डवर तबला नाही. सतार नाही. तंबोरा नाही. भारतीय म्हणून ओळखता येईल असं एकही वाद्य नाही. तरीही 'गँजेस' किंवा 'जयपूर' सुरू झालं की हे कुठून आलं हे कळतं. भारतीयपणा चालीत आहे, स्वरांच्या निवडीत आहे आणि गिटारच्या बोटांत आहे.

रचनांची नावं वाचली तर त्यांचं सगळं आयुष्य त्यात दिसतं. 'गँजेस', 'जयपूर', 'महाराणी' हा भारत. 'जॉईस कंट्री' हा आयर्लंडच्या पश्चिमेकडचा खराखुरा प्रदेश, आणि जॉईस हे त्यांच्या पत्नीचं नाव.

रेकॉर्डचं नावही काळाच्या संदर्भात वाचायला हवं. एप्रिल १९६८ मध्ये ब्रिटनमधले खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरोधात ते कुप्रसिद्ध भाषण केलं होतं. त्याच वर्षी केनियातून येणाऱ्या आशियाई लोकांना रोखणारा कायदा झाला. बाहेरून आलेल्यांनी ब्रिटिश समाजात मिसळायचं म्हणजे काय, यावर वाद पेटला होता. त्या वादात 'इंटिग्रेशन' हा शब्द सतत वापरला जायचा. पुढच्याच वर्षी मुंबईहून आलेल्या एका गिटारवादकाच्या रेकॉर्डवर तोच शब्द नाव म्हणून आला, आणि आत तो आणि चार ब्रिटिश वादक एकत्र वाजवत होते.

'हम दोनो' (१९६९)

त्याच वर्षी दुसरी रेकॉर्ड आली आणि तिचं नाव चक्क हिंदी होतं, 'हम दोनो'. आपल्याला लगेच देव आनंदचा १९६१ चा सिनेमा आठवतो. इथले दोघे मात्र वेगळे, जो हॅरियट आणि अमान्सिओ डिसिल्वा.

हॅरियट यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. जन्म १९२८, जमैकातल्या किंग्स्टनचा. संगीत शिकले तिथल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये. १९५१ साली ते इंग्लंडला आले. १९६० च्या सुमारास त्यांनी 'फ्री फॉर्म' आणि मग 'ॲबस्ट्रॅक्ट' या रेकॉर्ड्स करून युरोपातल्या मुक्त जॅझचा पाया घातला. मग 'इंडो-जॅझ'चा काळ आला. १९६९ पर्यंत त्यांच्याभोवतीचा गाजावाजा ओसरत चालला होता.

म्हणजे एक माणूस कॅरिबियनमधून आलेला, दुसरा मुंबईहून. दोघांच्याही जन्मगावी तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. दोघे लंडनमध्ये भेटले आणि त्यांच्यातली भाषा होती ब्लूजची आणि बीबॉपची.

बरोबर इयान कार फ्लुगलहॉर्नवर, डेव्ह ग्रीन बासवर, ब्रायन स्प्रिंग ड्रम्सवर. आणि गाणाऱ्या नॉर्मा विन्स्टन. विन्स्टन तेव्हा नव्या होत्या, पुढे ब्रिटिश जॅझमधलं मोठं नाव झाल्या. इथे त्या शब्द गात नाहीत. आवाज वाद्यासारखा वापरतात, नुसत्या आकारात. आपल्याला आलाप ऐकायची सवय असल्याने हे चटकन जवळचं वाटतं.

या रेकॉर्डवरही पियानो नाही, तबला नाही, सतार नाही. 'जयपूर' इथे पुन्हा आहे. 'स्टेफानोज डान्स' ही रचना मुलाच्या नावाने. आणि एक संथ रचना आहे, 'बॅलड फॉर गोवा'.

गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाला १९६१ साली. डिसिल्वा मुंबईत जन्मले, वाढले, लंडनला गेले. गोवा त्यांच्यासाठी आई-वडिलांचं गाव होतं. मुंबईतल्या कुठल्याही कोकणी-गोवेकर घरात विचारा, 'गाव कुठलं?' म्हटलं की जिथे जन्मलो ते सांगत नाहीत, जिथलं मूळ ते सांगतात. लंडनच्या स्टुडिओत बसून डिसिल्वांनीही तेच सांगितलं.

'हम दोनो' नंतर कित्येक दशकं बाजारात मिळत नव्हती. मूळ प्रत जुन्या रेकॉर्ड्स जमवणाऱ्यांमध्ये दुर्मीळ समजली जाते. हॅरियट यांचं पुढचं आयुष्य हलाखीचं गेलं. जानेवारी १९७३ मध्ये साउथहॅम्प्टनला कॅन्सरने त्यांचं निधन झालं. वय फक्त चव्वेचाळीस.

घानाच्या ढोलाबरोबर

१९६९ हे डिसिल्वांचं खरोखर गडबडीचं वर्ष होतं. त्याच वर्षीच्या 'ॲफ्रो-जॅझ' या रेकॉर्डवरही ते आहेत. ही रेकॉर्ड गाय वॉरन यांची. वॉरन मूळचे घानाचे, आक्रा शहरातले. १९५० च्या दशकात अमेरिकेत जाऊन जॅझमध्ये खरे आफ्रिकी ढोल आणणारा वादक म्हणून त्यांनी नाव केलं. पुढे मायदेशी ते कोफी घानाबा या नावाने ओळखले गेले.

एका वर्षात डिसिल्वांनी इंग्रज, जमैकन आणि घानाच्या वादकांबरोबर काम केलं. मुंबईच्या हॉटेलांतली तालीम इथे कामाला आली असणार. तिथे आज टँगो, उद्या जॅझ, परवा सिनेमाचं गाणं, जे येईल ते वाजवावं लागायचं. समोरचा काय म्हणतोय हे ऐकून त्यात शिरायचं, हा गोव्याच्या वादकांचा जुना गुण.

पोटासाठीचं कामही होतं. १९७१ साली 'रिफ्लेक्शन्स' आली. 'अमान्सिओ डिसिल्वांची रोमँटिक गिटार' अशी तिची जाहिरात कव्हरवरच होती. घरी संध्याकाळी लावून बसावं असं हलकं, गोड संगीत. हे काम कमी दर्जाचं म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. संसार लंडनला होता आणि प्रयोगावर घर चालत नाही.

आता तबला येतो : 'ड्रीम सिक्वेन्स' (१९७२)

१९७२ साली डिसिल्वांनी 'कॉस्मिक आय' या नावाच्या संचाबरोबर 'ड्रीम सिक्वेन्स' ही रेकॉर्ड केली. इथे पहिल्यांदा त्यांनी आपल्या रचनांमध्ये भारतीय वाद्यं घेतली. सतारीवर विराम जसानी आणि तबल्यावर केशव साठे. छोट्या छोट्या रचनांऐवजी दोन लांबलचक भाग, स्वप्नासारखे एकातून दुसऱ्यात जाणारे.

इथला क्रम लक्षात घ्या. बहुतेक संगीतकार भारतीय रंग आणायचा म्हणून आधी सतार-तबला आणतात. डिसिल्वांनी आधी दोन रेकॉर्ड्स त्यांच्याशिवाय करून दाखवल्या. चालच भारतीय असेल तर वाद्य कुठलंही चालतं, हे सिद्ध झाल्यावर त्यांनी तबला मागवला. त्यामुळे इथला तबला शोभेसाठी ठेवलेला वाटत नाही. तो ताल धरतो, ड्रम्सशी बोलतो.

केशव साठे हे नाव आता तिसऱ्यांदा आलं, तर त्यांच्याबद्दलही ऐका. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या साठेंनी जॅझवाल्यांबरोबर आणि लोकसंगीतवाल्यांबरोबर दोन्हीकडे काम केलं. १९६७ च्या 'जॅझ मीट्स इंडिया' या युरोपातल्या रेकॉर्डवर ते स्विस पियानोवादक आयरीन श्वाइत्झर यांच्याबरोबर आहेत. पुढे १९७७ च्या 'अ मेड इन बेडलम' या रेकॉर्डवर ते इंग्लिश गिटारवादक जॉन रेनबर्न यांच्या संचात आहेत. तिथे शेकडो वर्षं जुन्या इंग्लिश लोकगीतांना तबल्याची साथ आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण कानाला अगदी पटतं.

'कोंकण डान्स' : चौतीस वर्षं कपाटात

आणि मग ती रेकॉर्ड, जिच्यापासून आपण सुरुवात केली.

'कोंकण डान्स'वर डिसिल्वांचे जुने आणि नवे साथीदार एकत्र आले. डॉन रेंडेल 'इंटिग्रेशन'च्या वेळचे. साठे 'ड्रीम सिक्वेन्स'चे. शिवाय सतारीवर क्लेम आल्फर्ड आणि ब्रिटिश जॅझमधलं मोठं नाव, पियानोवादक स्टॅन ट्रेसी. रचनांमध्ये शीर्षकगीताबरोबर 'अ स्ट्रीट इन बॉम्बे' आहे. एका बाजूला आई-वडिलांचं कोकण, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या लहानपणाची मुंबई.

म्हणजे आधीच्या तीन-चार वर्षांत वेगवेगळं केलेलं सगळं इथे एका ताटात आलं होतं. आणि नेमकं हेच तेव्हा प्रसिद्ध झालं नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये रॉकचा जोर होता. जॅझ रेकॉर्ड्सचा खप आधीच थोडा, त्यात जॅझही नाही आणि रागही नाही अशा संगीतासाठी दुकानात कप्पाच नव्हता.

पुढे काय झालं बघा. १९७६ साली जॉन मॅकलॉफ्लिन, झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांच्या 'शक्ती'ची पहिली रेकॉर्ड आली आणि गिटार-तबला हे समीकरण जगभर गाजलं. १९९३ साली पंडित विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांची 'अ मीटिंग बाय द रिव्हर' आली. त्यात ब्लूजची स्लाइड गिटार आणि रागदारीची मोहनवीणा एकमेकींशी बोलतात. तिला ग्रॅमी मिळालं. ही दोन्ही कामं मोठीच आहेत. पण गिटारवर राग आणि जॅझ एकत्र आणण्याचं काम त्याआधी मुंबईच्या एका माणसाने लंडनमध्ये करून ठेवलं होतं, आणि त्यातला एक मोठा तुकडा कपाटात पडून होता.

डिसिल्वा लंडनमध्येच राहिले. वाजवत राहिले, शिकवत राहिले. १९८० च्या दशकातलं त्यांचं 'सपना' हे ध्वनिमुद्रणही त्यांच्या मागेच बाहेर आलं. १९९६ साली लंडनला त्यांचं निधन झालं.

२००० नंतर लंडनमधले डीजे आणि जुन्या रेकॉर्ड्स शोधणारी मंडळी १९६० च्या ब्रिटिश जॅझकडे पुन्हा वळली. जुन्या टेप बाहेर निघाल्या, सीडी झाल्या. २००६ साली 'कोंकण डान्स' पहिल्यांदा लोकांनी ऐकली. मग इंटरनेटने ती सगळीकडे नेली.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

जॅझची सवय नसेल तर हा क्रम सोपा जाईल.

१. आधी 'बॅलड फॉर गोवा' (हम दोनो). संथ आहे. गिटार आणि नॉर्मा विन्स्टन यांचा आवाज यांच्याकडे लक्ष द्या.

२. मग 'गँजेस' (इंटिग्रेशन). कुठलंही भारतीय वाद्य नसताना भारतीय वाटतं ते कशामुळे, हे शोधा.

३. मग 'जयपूर' दोनदा. एकदा 'इंटिग्रेशन'मधलं, एकदा 'हम दोनो'मधलं. रचना एकच, साल एकच. एकात रेंडेल यांचा सॅक्सोफोन, दुसऱ्यात हॅरियट यांचा. साथीदार बदलला की संगीत किती बदलतं हे इथे कळतं.

४. मग 'कोंकण डान्स'. हेडफोन लावून साठे यांचा तबला ऐका.

५. शेवटी 'ड्रीम सिक्वेन्स'. याला निवांत वेळ हवा. अधेमधे थांबवू नका.

एका नजरेत

१९३६ : मुंबईत जन्म, मूळ गोव्याचं कुटुंब.
१९६७ : लंडनला स्थलांतर.
१९६९ : 'इंटिग्रेशन', जो हॅरियट यांच्याबरोबर 'हम दोनो', गाय वॉरन यांच्याबरोबर 'ॲफ्रो-जॅझ'.
१९७१ : 'रिफ्लेक्शन्स'.
१९७२ : 'कॉस्मिक आय'बरोबर 'ड्रीम सिक्वेन्स', 'कोंकण डान्स'चं ध्वनिमुद्रण.
१९९६ : लंडनमध्ये निधन.
२००६ : 'कोंकण डान्स' प्रसिद्ध.

इथे त्यांची नावं का लक्षात ठेवायची?

डिसिल्वांच्या नावाने मुंबईत किंवा गोव्यात विचारलं तर अजूनही बहुतेकांना ते माहीत नसतात. जुन्या रेकॉर्ड्स जमवणाऱ्या लंडनच्या आणि टोकियोच्या मंडळींना ते माहीत असतात. साठे आणि पैंगणकर यांचंही तेच. गेलेला माणूस इथल्यांसाठी परदेशी होतो आणि तिथल्यांसाठी तो कायम बाहेरचाच राहतो. मग त्याचं काम कोणीच आपलं म्हणून सांभाळत नाही.

रेकॉर्डचं एक बरं असतं. ती वाट बघू शकते. 'कोंकण डान्स'ने चौतीस वर्षं वाट बघितली. आता ती ऐकायला फोन आणि थोडा वेळ पुरतो. ऐकलीत आणि आवडली, तर गोव्यातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या मित्राला पाठवा. त्याला सांगा, हे तुझ्याच गावाकडचं आहे.